दहावी-बारावीला लेखनिक, जादा वेळ आणि इतर सवलती: सुरुवात कधी आणि कुठून करायची

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. सवलतीची कागदपत्रं मात्र त्याच्या आदल्या वर्षी, मूल नववीत असतानाच हातात हवीत. जानेवारीत धावाधाव करणारे पालक मी दर वर्षी पाहते. त्यांतल्या काहींचं काम होतंही, पण मुलाच्या सरावाचा सगळा वेळ त्यात जातो.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. उत्तर डोक्यात तयार असतं, हात मागे राहतो. दहावी, बारावी आणि सीईटी त्याने लेखनिक (तो सांगेल ते लिहून देणारा) घेऊन दिली. शाळा, सिव्हिल हॉस्पिटल आणि विभागीय मंडळ यांच्यात मी जे फिरले, त्यातून हे लिहिते आहे. इथलं बहुतेक सगळं महाराष्ट्र राज्य मंडळाला धरून आहे. सीबीएसई आणि आयसीएसईचे फॉर्म, तारखा वेगळ्या, पण पायऱ्या साधारण याच.

एक गोष्ट आधीच सांगते. या सवलती कुणाच्या मेहेरबानीवर नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शाळेत बोलताना आवाज चढवायची गरज पडत नाही, कलमाचा आकडा सांगितला की समोरचा जरा सावरून बसतो.

१. आधी ठरवा, मुलाला नेमकं काय हवंय

दिव्यांग म्हटलं की लगेच लेखनिक, असं शाळांना वाटतं. सगळ्यांना तो लागत नाही. जो मुलगा हळू का होईना पण स्वतः लिहितो, त्याला जादा वेळ पुरतो, आणि माझ्या मते शक्य असेल तिथे स्वतःच लिहावं. दुसऱ्याच्या हातून लिहून घेणं हे वेगळं कसब आहे, ते सोपं नाही.

ठरवायचा उपाय घरातच आहे. जुनी प्रश्नपत्रिका घ्या, घड्याळ लावा, मुलाला लिहू द्या. वेळ संपल्यावर किती प्रश्न राहिले ते बघा. थोडे राहिले तर जादा वेळ पुरेल. निम्मी उत्तरपत्रिका कोरी असेल किंवा शेवटच्या पानांवरचं अक्षर तुम्हालाच लागत नसेल, तर लेखनिक.

राज्य मंडळात साधारण या सवलती मिळतात:

- तासाला २० मिनिटं जादा वेळ. तीन तासांच्या भाषेच्या पेपरला एक तास, गणित-विज्ञानाच्या दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं.
- लेखनिक, आणि गरज असेल तर प्रश्न वाचून दाखवणारा वाचक.
- अंध विद्यार्थ्यांना नकाशा, आलेख, आकृती यांऐवजी पर्यायी प्रश्न.
- अध्ययन अक्षमता असणाऱ्यांना शुद्धलेखनाच्या चुकांबाबत सूट, गणिती अक्षमता असेल तर कॅल्क्युलेटर.
- भाषा विषयात सूट. कर्णबधिर मुलांसाठी ही फार महत्त्वाची.
- उत्तीर्ण होण्यासाठी कमी पडत असतील तर २० पर्यंत सवलतीचे गुण.
- तळमजल्यावर बैठक व्यवस्था.

यादीतलं सगळं सगळ्यांना मिळत नाही. दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार ठरतं.

गणिताबाबत एक सावधगिरी. दहावीला गणिताऐवजी सातवीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवातला विषय घेण्याची सोय आहे. डिस्कॅल्क्युलिया (गणिती अक्षमता) असणाऱ्या मुलाला त्याने खरंच मोकळा श्वास मिळतो. पण पुढे विज्ञान शाखा किंवा डिप्लोमा मनात असेल, तर ही सोय घेतल्यावर ती वाट अडू शकते. मुलाशी बोला, मग सही करा. काही शाळा निकालाची टक्केवारी सांभाळण्यासाठी हाच पर्याय पुढे करतात.

२. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

खासगी डॉक्टरांचं पत्र, मग ते कितीही मोठ्या डॉक्टरांचं असो, इथे चालत नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र शासकीय यंत्रणेचंच लागतं. जिल्हा रुग्णालय (आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते) किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी मुंबईत सायन, केईएम आणि नायर ही महापालिकेची रुग्णालयं पालकांच्या ओळखीची आहेत.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचं ओळखपत्र) यांचा अर्ज स्वावलंबन या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा, जवळचं रुग्णालय निवडायचं. मग तपासणीचा दिवस. दिव्यांग तपासणी बहुतेक सिव्हिलमध्ये ठरावीक वारीच चालते, म्हणून आधी चौकशी करून जा आणि सकाळी लवकर जा. जुने रिपोर्ट, एक्स-रे, एमआरआय, शस्त्रक्रियेचे कागद, थेरपीच्या नोंदी सगळं बरोबर न्या. मुलाला खायला न्या.

कार्डाच्या रंगावरून टक्केवारी कळते. ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळं, ८० आणि त्यापुढे निळं.

इथे तीन ठिकाणी लोक अडकतात.

पहिलं, नाव. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे की नाही एवढ्यावरून प्रस्ताव परत येतो. अर्ज भरण्याआधीच जुळवून घ्या.

दुसरं, मुदत. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर तारीख असते. बोर्डाची परीक्षा त्या तारखेच्या आत येते का ते बघा. अध्ययन अक्षमतेत हा घोळ हमखास होतो. २०१८ च्या केंद्रीय सूचनांप्रमाणे हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी तपासणी पुन्हा करावी लागते. चौदावं म्हणजे बरोबर आठवी-नववी. पाचवीत काढलेला कागद फाइलमध्ये आहे म्हणून निवांत राहू नका.

तिसरं, प्रकार. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. स्वमग्नता, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हेही त्यात येतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी अनेकदा ठाऊकच नसतं की हा आजार यादीत आहे.

३. चाळीस टक्के नाहीत म्हणून घरी बसू नका

"चाळीसच्या खाली आहे, काही मिळणार नाही," हे खिडकीवरचं ठरलेलं उत्तर. शिष्यवृत्ती, आरक्षण यांसाठी ४० टक्क्यांची अट आहे हे खरं. लेखनिकासाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात ती अट लावता येणार नाही असं सांगितलं. तो उमेदवार रायटर्स क्रॅम्पचा होता, म्हणजे लिहिताना हात आखडायचा. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालानंतर केंद्राने १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असणाऱ्या, पण लिहायला अडचण असणाऱ्या उमेदवारांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या.

तुमचं मूल यात बसत असेल तर टक्केवारीवर वाद घालत बसू नका. "लिहिण्यास शारीरिक मर्यादा आहे, लेखनिक आवश्यक आहे," असं स्पष्ट वाक्य असलेलं प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडून मागा. पुढची सगळी मदार त्या एका वाक्यावर असते.

४. शाळेमार्फत प्रस्ताव

पालक थेट मंडळात गेले तरी त्यांना परत शाळेतच पाठवतात. प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या सहीने विभागीय मंडळाकडे जातो. दहावीचं वर्ष सुरू झालं की जूनमध्येच अर्ज द्या आणि शाळेच्या आवक शिक्क्याची पोच घ्या. क्लार्क ओळखीचे असले तरी पोच घ्या.

फाइलमध्ये हे हवं:

- दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, साक्षांकित प्रतींसह
- लिहिण्याच्या मर्यादेचं वैद्यकीय प्रमाणपत्र, लागू असेल तर
- कोणकोणत्या सवलती हव्यात ते नाव घेऊन लिहिलेला पालकांचा अर्ज
- मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र
- आधार आणि बोनाफाईड
- पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि हे जरा जास्तच काढून ठेवा
- लेखनिकाचं बोनाफाईड, फोटो, ओळखपत्र आणि त्याच्या पालकांचं संमतीपत्र

शेवटचा कागद लेखनिक ठरल्यावर, बाकीचे आधी.

अर्जात "नियमाप्रमाणे सर्व सवलती मिळाव्यात" असं मोघम लिहू नका. जादा वेळ, लेखनिक, तळमजला असं एकेक लिहा. मोघम अर्जाला मोघम मंजुरी येते आणि मग परीक्षा केंद्रावर "यात तळमजला कुठे लिहिलाय?" असा प्रश्न ऐकावा लागतो.

खेड्यातल्या शाळेला हे पहिल्यांदाच करावं लागत असेल तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना गाठा. अशा फाइली त्यांच्या हाताखालून गेलेल्या असतात.

५. परीक्षेचा फॉर्म आणि प्री-लिस्ट

फॉर्म शाळा ऑनलाइन भरते. त्यात दिव्यांगत्वाच्या प्रकाराचा रकाना असतो. तो रिकामा राहिला तर तुमचा प्रस्ताव मंजूर असूनही यंत्रणेत मूल साधा विद्यार्थी म्हणूनच दिसतं. फॉर्म भरल्यावर शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासायची यादी, येते. सहीसाठी ती समोर आली की फक्त नावाचं स्पेलिंग बघून पुढे जाऊ नका, तो रकाना आणि विषयांचे कोड बघा. भाषेची सूट घेतली असेल तर त्या जागी कोणता विषय पडलाय हे नक्की बघा. दुरुस्ती याच टप्प्यावर सहज होते. नंतरही होते, पण त्यासाठी विभागीय मंडळाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

६. लेखनिक

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

लेखनिक विद्यार्थ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला हवा. दहावीच्या मुलाला नववीचा, बारावीच्या मुलाला अकरावीचा. ओळखीतला हुशार कॉलेजचा दादा चालत नाही.

शोधायचा कुठे? आपल्याच शाळेत, शेजारच्या शाळेत, क्लासमध्ये, सोसायटीत. मूल शोधणं सोपं, त्याच्या आईवडिलांना राजी करणं अवघड. "आमच्या मुलाचा अभ्यास बुडेल" ही त्यांची भीती रास्त आहे. त्यांना वेळापत्रक दाखवा, सरावाचे दिवस आधी सांगा, नेण्या-आणण्याची जबाबदारी तुम्ही घ्या. आणि एक पर्यायी लेखनिक ठेवाच. मार्चमध्ये ताप, कांजिण्या, घरातलं लग्न काहीही निघतं. दोघांचेही कागद फाइलला लावा.

निवडताना मार्क बघू नका. वाचायला सोपं, वेगाने लिहिणारं अक्षर बघा आणि मुलाचा स्वभाव बघा. फार हुशार मुलाची एक अडचण असते, तो तुमच्या मुलाचं उत्तर मनातल्या मनात सुधारतो. सांगितलं तेच लिहायचं, चुकलेलं असलं तरी. हे त्याच्या अंगवळणी पडायला हवं, कारण पर्यवेक्षकाला लेखनिक उत्तर सुचवतोय अशी शंका आली तर दोघंही अडचणीत येतात.

सराव दिवाळीनंतर सुरू करा आणि सगळे विषय घ्या. भाषेचं लवकर जमतं. घाम गणित आणि विज्ञान फोडतं. नववीच्या मुलाने दहावीचं गणित पाहिलेलं नसतं. क्रेमरच्या पद्धतीतला निश्चयक दोन उभ्या रेघांत मांडायचा असतो हे त्याला माहीत नसतं. श्रेढीतला टी-एन लिहिताना एन खाली छोटा काढायचा हेही नाही. आम्ही दोघांसाठी एक वही केली. प्रत्येक प्रकरणातली चिन्हं, ती कशी उच्चारायची आणि कागदावर कशी दिसायला हवीत, एवढंच त्यात. अपूर्णांकासाठी आमचं ठरलेलं: "रेघ मार, वर..., खाली...". कंस सुरू, कंस बंद, नवीन ओळ, समान चिन्हाखाली समान चिन्ह. ऐकायला बालिश वाटतं, पण परीक्षेत याच शब्दांनी वेळ वाचतो.

आकृत्यांचा सराव वेगळा करा. भिंगाच्या किरणाकृतीत कोणता किरण आधी, कुठून कुठे, बाण कुठल्या दिशेला हे मुलाला शब्दांत सांगता यायला हवं. स्वतः काढताना जे हात आपोआप करतो ते तोंडाने सांगायचं म्हणजे आकृती अधिक पक्की पाठ हवी.

सांगणाऱ्याचाही सराव लागतो. सुरुवातीला मुलं एक तर घाईने पूर्ण परिच्छेद म्हणतात किंवा एकेक शब्दावर थांबतात. चार-पाच शब्दांचा तुकडा, मग थांबायचं. लेखनिक लिहीत असताना पुढचा तुकडा मनात जुळवायचा. निबंधासाठी मुद्दे आधी कच्च्या पानावर लिहून घ्यायचे, नाहीतर तिसऱ्या परिच्छेदात पहिल्याचीच वाक्यं येतात. ज्यांचं बोलणं अस्पष्ट आहे, त्यांच्या लेखनिकाला तर महिनोन्‌महिने सवय लागते. सेरेब्रल पाल्सीत हे नेहमीचं आहे, आणि म्हणूनच परीक्षेच्या दिवशी केंद्राने आयत्या वेळी दिलेला लेखनिक अशा मुलांच्या उपयोगाचा नसतो.

किमान दोन पेपर संपूर्ण, जादा वेळ धरून, सोडवून घ्या. चार तास सलग बोलून घसा बसतो. पाण्याची बाटली तेव्हापासूनच.

७. केंद्र बघून या

हॉल तिकीट हातात आल्यावर, पहिल्या पेपरच्या दोन-चार दिवस आधी, केंद्रावर जाऊन केंद्रसंचालकांना भेटा. मंडळाच्या मंजुरीपत्राची प्रत द्या, पोच घ्या.

विचारायचं काय? खोली कोणती, तळमजल्यावर आहे का, व्हीलचेअर दारातून जाते का, बाकाची उंची चालते का, शौचालय किती लांब. लेखनिक असणाऱ्यांना बाकीच्यांपासून वेगळं बसवतात, कारण बोलण्याने इतरांना त्रास होतो. ती खोली कधी कधी ग्रंथालय असतं, कधी सामानाची अडगळ. आधी पाहिलं तर पंखा-दिवा तरी सुरू होतो.

जादा वेळेबद्दल इथेच स्पष्ट बोला. वेळ संपली की सगळ्या उत्तरपत्रिका गोळा होतात, गठ्ठे बांधले जातात, ते नेणारा रनर दारात उभा असतो आणि तुमचा एकटा मुलगा अजून लिहीत असतो. अशा वेळी पर्यवेक्षकाची चुळबूळ सुरू होते. केंद्रसंचालकांनी आधीच सांगून ठेवलेलं असेल तर मुलाला कुणी घाई करत नाही.

८. पेपरच्या दिवशी

एक पारदर्शक फाइल करा: हॉल तिकीट, मंजुरीपत्र, यूडीआयडी, लेखनिकाचं ओळखपत्र आणि परवानगी. रोज तीच फाइल. नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर पोहोचा.

बैठक क्रमांक लिहिणं, बारकोडचं स्टिकर लावणं ही कामं लेखनिकाने पर्यवेक्षकासमोर करावीत. जादा वेळ किती वाजेपर्यंत आहे ते सुरुवातीलाच पर्यवेक्षकाला विचारून मुलाने कच्च्या पानावर टिपून घ्यावं. काही बिनसलं तर मुलाने आत वाद घालू नये, पेपर लिहीत राहावं. तुम्ही बाहेरून केंद्रसंचालकांशी आणि विभागीय मंडळाशी बोला, त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. तिथे दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

९. आजार आहे, पण दिव्यांगत्व नाही

टाइप १ मधुमेह २१ प्रकारांच्या यादीत नाही. तरी तीन तासांत साखर उतरली तर मूल कोसळू शकतं. सीबीएसईने २०१७ पासून मधुमेही विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळं, सँडविच आणि पाण्याची छोटी बाटली आत नेऊ दिली आहे. राज्य मंडळाच्या परीक्षेसाठी डॉक्टरांचं पत्र जोडून मुख्याध्यापक आणि केंद्रसंचालक दोघांनाही आधीच अर्ज द्या. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असेल तर त्याचं रीडिंग मोबाइलवर दिसतं आणि मोबाइल आत नेता येत नाही. साधा ग्लुकोमीटर आणि पट्ट्या न्या, त्याचा उल्लेख अर्जात करा.

सिकलसेल यादीत आहे, पण त्याचीही काळजी अशीच घ्यावी लागते. या मुलांना पाणी सतत हवं आणि थंडी सोसत नाही. फेब्रुवारीतली सकाळ, खिडकीजवळचा बाक, पाणी कमी पडलं की दुखणं उचल खातं. बाटली, स्वेटर आणि शौचालयाला जाण्याची मुभा हे तिन्ही लिहून मागा.

ऐन परीक्षेत हात मोडला तर? सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र, एक्स-रे आणि मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन केंद्रसंचालकांमार्फत विभागीय मंडळाची परवानगी घ्यायची. अशा तातडीच्या परवानग्या मिळतात. लेखनिक तिथेही खालच्या इयत्तेचाच.

१०. पुढच्या परीक्षा

दहावीला मंजुरी मिळाली म्हणून बारावीला ती आपोआप लागू होत नाही. पुन्हा प्रस्ताव. विद्यापीठातही कॉलेजमार्फत अर्ज, आणि दर सत्राला आठवण.

एमपीएससीत याला 'लेखनिक व अनुग्रह कालावधी' म्हणतात. अर्जातल्या चौकटीत खूण केली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, त्यानंतर मुदतीत कागदपत्रं पाठवून आयोगाची मंजुरी घ्यावी लागते. केंद्रीय परीक्षांत लेखनिक कोणी द्यायचा, त्याचं शिक्षण किती असावं याचे नियम बदलत आले आहेत, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण माना. एनटीए या केंद्रीय परीक्षा संस्थेच्या जेईईला मधुमेही उमेदवाराला फळ आणि साखरेच्या गोळ्या नेता येतात, पण चॉकलेट किंवा सँडविच चालत नाही.

नीटचा पेपर आता तीन तासांचा आहे, दिव्यांग उमेदवारांना एक तास जादा. २०२१ मध्ये डिस्ग्राफिया (लिहिण्यातली अक्षमता) असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर हा तास नाकारला गेला आणि पेपर काढून घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य करून एनटीएला तो दूर करण्याचे उपाय शोधायला सांगितलं, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. म्हणून माहितीपुस्तिकेतलं जादा वेळेचं पान छापून घ्या आणि मूल आत जाण्याआधीच गेटवर केंद्रप्रमुखांना दाखवा.